वाचकांचे प्रश्न : सायबर सुरक्षेचा पडदा कोणासाठी मांडायचा?

मागील अंकात आम्ही सायबर सुरक्षा केंद्रांत चोवीस तास पडद्यासमोर बसणाऱ्या विश्लेषकांविषयी आणि लॉगमधील (संगणक आपोआप ठेवतात त्या नोंदींमधील) माहिती त्यांना चित्ररूपाने दाखवणाऱ्या साधनांविषयी एक लेख दिला होता. यंत्राकडे कोणती माहिती आहे यावरून ही साधने आखू नयेत, पडद्यासमोरच्या माणसाला कोणता निर्णय घ्यायचा आहे यावरून आखावीत, असे त्या लेखाचे म्हणणे होते. त्यावर नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांच्या नोकरीचा विचार करून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी मिहानमधील एका कंपनीच्या सुरक्षा केंद्रात रात्रपाळी करते. एका पाळीत ढिगाने अलर्ट तपासावे लागतात आणि त्यांतील जवळपास सगळे निरर्थक निघतात, असे ती सांगते. एवढी प्रगत यंत्रणा आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ताही हाताशी असताना हे काम माणसाकडे का ठेवले आहे? सकाळी घरी येते तेव्हा ती अगदी थकलेली असते, म्हणून विचारते.
— एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : आपल्या मुलीला जे दिसते त्यामागे एक साधे गणित आहे. यंत्रणा कितीही चांगली असली तरी ते सुटत नाही. समजा, एका कंपनीच्या जाळ्यात दिवसाला १० लाख घटना नोंदल्या जातात आणि त्यांपैकी खरोखर घातक अशा फक्त १० आहेत. यंत्रणा शंभरातल्या ९९ घातक घटना पकडते आणि निरुपद्रवी घटनांपैकी केवळ १ टक्का चुकून संशयित ठरवते, असे धरू. ऐकायला ही यंत्रणा उत्तम वाटते. मात्र १० लाखांचा १ टक्का म्हणजे १० हजार, त्यामुळे दिवसअखेर जमलेल्या सुमारे १० हजार अलर्टमध्ये खरे जेमतेम १० असतात, म्हणजे हजारांत एक. स्टीफन अॅक्सेलसन या स्वीडनमधील संशोधकाने १९९९ मध्ये हा मुद्दा नेटकेपणाने मांडला होता. घातक घटना मुळातच विरळ असल्यामुळे पकडण्याचे प्रमाण वाढवून फारसे साधत नाही, चुकीचे इशारे अतिशय कमी करावे लागतात, असा त्याचा निष्कर्ष होता आणि तो आजही खरा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने हे प्रमाण सुधारता येते, पण हिशेबाचा हा नियम तिलाही लागू आहे.

मग माणूस कशासाठी? मध्यरात्री लेखा विभागातील एका खात्यातून सर्व्हरवर प्रवेश झाला, एवढेच यंत्राला कळते. ताळेबंदाचे दिवस आहेत, ते खाते वापरणारी व्यक्ती उशिरापर्यंत काम करणार असल्याचे संध्याकाळीच ठरले होते, किंवा उलट ती व्यक्ती चार दिवसांपासून रजेवर आहे, ही माहिती कोणत्याही लॉगमध्ये नसते. संदर्भ जोडून अर्थ लावण्याचे हे काम माणसाचे आहे आणि आपली मुलगी तेच करते. ते कमी प्रतीचे काम आहे, असे कृपया समजू नये.

थकव्याचे कारणही अभ्यासाने दाखवलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडारचालकांकडून पाणबुड्यांचे संकेत का निसटतात याचा शोध घेताना नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने एक घड्याळ तयार केले, ज्याचा काटा समान टप्प्यांनी पुढे सरके आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी घेई. ती उडी टिपणे एवढेच काम होते. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसांच्या हातून अधिक उड्या निसटू लागल्याचे दिसले. विरळ घटनेची वाट पाहत एकसारखे लक्ष देत राहणे ही माणसाची ताकद नाही, आणि ज्या केंद्रात आठ तास तेच करून घेतले जाते तेथे दोष व्यवस्थेच्या आखणीचा असतो, पाळीवरच्या मुलीचा नाही.

याची किंमत केवढी मोठी असू शकते हे अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीच्या २०१३ मधील प्रकरणात दिसले. सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. स्वयंचलित यंत्रणेने एकाहून अधिक वेळा इशारे दिले होते, परंतु कंपनीने त्यांना प्रतिसाद दिल्याचे दिसत नाही, असे अमेरिकी सिनेटच्या समितीच्या २०१४ च्या अहवालात नोंदले आहे. म्हणून चांगले साधन एकाच कारणाने आलेले दोनशे अलर्ट एका ओळीत गोळा करते, ‘हाच प्रकार गेल्या महिन्यात कोणी तपासला आणि काय ठरवले’ हे शेजारी दाखवते, आणि माणसाच्या वाट्याला मोजकी पण विचार करण्याजोगी प्रकरणे आणून ठेवते. मुलीच्या वरिष्ठांशी बोलण्याची संधी आली, तर पाळीत कामाचा पालट होतो का आणि निरर्थक ठरलेला अलर्ट पुन्हा येऊ नये म्हणून नियम कोण सुधारतो, हे दोन प्रश्न तिने अवश्य विचारावेत.

प्रश्न : आमच्या केंद्रात मोठ्या खर्चाने भिंतभर पडदा बसवला आहे. त्यावर जगाचा नकाशा असून परदेशांतून भारताकडे येणाऱ्या हल्ल्यांच्या लाल कमानी सतत उमटत असतात. भेट देणाऱ्या पाहुण्यांना तो फार आवडतो, पण आमचे विश्लेषक त्याच्याकडे पाहत नाहीत. त्या जागी काय दाखवावे?
— एक गटप्रमुख, आयटी पार्क, परसोडी

उत्तर : आपले विश्लेषक त्याच्याकडे पाहत नाहीत, हाच त्या पडद्याविषयीचा सर्वांत विश्वासार्ह अभिप्राय आहे. नकाशावरील कमान ज्या देशातून निघते तो देश म्हणजे शेवटच्या यंत्राच्या आयपी पत्त्याची (इंटरनेटवरील त्याच्या क्रमांकाची) अंदाजे जागा असते. ते यंत्र भाड्याने घेतलेला सर्व्हर असू शकते, किंवा कोणाच्या तरी घरातील ताबा मिळवलेला कॅमेरा. २०१६ मधील मिराई या बॉटनेटमध्ये, म्हणजे हल्लेखोरांनी ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेत, असे कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने वापरले गेले. हल्लेखोर स्वतः कोठे आहे हे नकाशा सांगत नाही, आणि सांगितले तरी पुढच्या दहा मिनिटांत कोणते यंत्र जाळ्यातून वेगळे करायचे, या विश्लेषकाच्या प्रश्नाला त्याचा उपयोग होत नाही.

काय दाखवावे, याचे उत्तर मी येथून देण्यापेक्षा आपणच दोन पाळ्या विश्लेषकांच्या शेजारी बसून शोधावे. कोणती खिडकी उघडली, कोठून पत्ता उतरवून घेतला, कोणती गोष्ट वहीत लिहिली, शेजाऱ्याला काय विचारले, हे नोंदवत जावे. मानवकेंद्री रचनेचा आयएसओ ९२४१-२१० हा आंतरराष्ट्रीय मानकही वापरणारा, त्याचे काम आणि कामाची परिस्थिती समजून घेण्यापासूनच सुरुवात करायला सांगतो. माझ्या मते वहीत हाताने लिहिली जाणारी प्रत्येक गोष्ट ही साधनातील उणिवेची खूण आहे.

सर्वसाधारणपणे विश्लेषकाचे प्रश्न असे असतात की आत्ता नेहमीपेक्षा वेगळे काय आहे, ते केव्हापासून आहे, किती यंत्रांपर्यंत पोहोचले आहे आणि आपल्यापैकी कोणी ते आधीच हाती घेतले आहे का. ‘नेहमीपेक्षा’ या शब्दासाठी तुलना लागते. आज एका तासात ४,००० अयशस्वी लॉगिन झाले, हा आकडा एकटा मुका असतो. मागील काही आठवड्यांत याच वाराला याच तासाला किती होते याचा पट्टा त्याच्या मागे फिकट रंगात दाखवला की तो बोलू लागतो. येथे विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये मांडलेला निष्कर्ष उपयोगी पडतो. एकाच मोजपट्टीवरील स्थान माणसाचा डोळा सर्वांत अचूक ओळखतो, लांबी त्याखालोखाल, कोन आणि क्षेत्रफळ त्याहून कमी, आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण ओळखण्यात तो बराच चुकतो. तरीही डॅशबोर्डांवर, म्हणजे आकडे एकत्र दाखवणाऱ्या पडद्यांवर, गोल तबकड्या, वर्तुळाकार तुकडे आणि लाल छटांचाच सुळसुळाट असतो. साध्या रेषा आणि पट्ट्या पाहुण्यांना कदाचित आवडणार नाहीत, पण पहाटे चार वाजता त्याच वाचता येतात.

काही गोष्टी तर आकडेवारीच्या सारांशातून दिसतच नाहीत. एखादा घातक प्रोग्राम दर ३०० सेकंदांनी बाहेरच्या सर्व्हरला हाक देतो, असे समजा. तासाला १२ जोडण्या, म्हणजे बेरजेच्या तक्त्यात तो तळाशी राहतो. पण प्रत्येक यंत्रासाठी एक आडवी ओळ आणि प्रत्येक जोडणीसाठी एक ठिपका काढला, तर माणसांच्या वापराचे ठिपके अस्ताव्यस्त विखुरतात आणि या प्रोग्रामचे ठिपके सारख्या अंतरावर उभे राहतात. डोळ्याला ते क्षणात खटकतात. हल्लेखोर ही नियमितता मोडण्यासाठी अंतर मुद्दाम थोडे कमीजास्त करतात. अशा वेळी दोन जोडण्यांमधील अंतरांचा आलेख काढला की ती अंतरे ३०० सेकंदांच्या आसपास दाटलेली दिसतात. बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये सांगितलेला क्रम येथे लागू होतो. आधी समग्र चित्र, मग जवळ जाणे आणि गाळणे, आणि मागितल्यावर तपशील. आपल्या साधनात ठिपक्यावर क्लिक केल्यानंतर मूळ लॉगची ओळ दिसते का, हे तपासून पाहावे. दिसत नसेल, तर विश्लेषक चित्रावर विश्वास ठेवणार नाहीत आणि त्यांनी ठेवूही नये.

एक बाब आपल्या देशात विशेष सांभाळावी लागते आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. बहुतेक साधने वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवतात आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. त्यामुळे यूटीसीप्रमाणे आखलेल्या आलेखात दिवस पहाटे साडेपाचला बदलतो, आणि प्रत्येक तासाचा खण आपल्या घड्याळातील अर्ध्या तासावर सुरू होतो. नागपुरात मंगळवारी रात्री अडीच वाजता झालेले लॉगिन सोमवारच्या २१ वाजताच्या खणात जाऊन बसते. ‘कार्यालयीन वेळेबाहेरचा प्रवेश’ शोधणारा विश्लेषक ते सोमवारी संध्याकाळचे समजून पुढे जाऊ शकतो. पडद्यावर वेळ कोणत्या प्रमाणात आहे हे ठळक लिहावे आणि खण भारतीय वेळेनुसार पाडावेत.

शेवटी, पडद्यावर जे दाखवले जाते ते घडले आहे की घडायला सांगितले आहे, यांत गल्लत होऊ देऊ नये. १९७९ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकली होती. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवत नव्हता. ती बंद करण्याची आज्ञा गेली आहे, एवढेच तो दाखवत होता. शंभराहून अधिक इशारे एकाच वेळी खणाणत असताना चालकांनी त्या दिव्यावरून झडप बंद आहे असे मानले, आणि गाभा अंशतः वितळला. आपल्या पडद्यावरील ‘अपडेट पूर्ण’ या हिरव्या चौकटीचा अर्थ अपडेट पाठवले असा आहे की यंत्राने ते बसवल्याचे कळवले असा आहे, हे आजच विचारून घ्यावे. भिंतीवर जागा उरलीच, तर तेथे कोणती प्रकरणे उघडी आहेत, कोणाकडे आहेत आणि मागील पाळीने काय तपासून वगळले, हे लिहावे. पाळी बदलताना हेच सर्वांत जास्त हरवते.

प्रश्न : मी सुरक्षा केंद्रात नव्याने लागलो आहे. मला लाल आणि हिरव्या रंगातील फरक नीट ओळखता येत नाही. वरिष्ठांना सांगावे का?
— एक विश्लेषक, मनीषनगर

उत्तर : निःसंकोच सांगावे. ही बाब बहुधा जन्मजात असते, तिचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे ती पुरुषांमध्ये अधिक आढळते, आणि आपल्या केंद्रात आपण एकटेच असाल असेही नाही. फक्त रंगावर अवलंबून असलेला पडदा मुळातच सदोष आहे. गंभीरतेची पातळी शब्दांत लिहिलेली असावी, अलर्ट तिच्या क्रमाने लावलेले असावेत, चिन्हांचा आकार वेगळा असावा आणि लाल-हिरव्याऐवजी निळा-नारिंगी अशी जोडी घ्यावी. चढत्या प्रमाणासाठी विरिडिस नावाची रंगपट्टी वापरावी, जिची उजळता एकसारखी वाढत जाते. पायथनमधील मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या साधनात २०१७ पासून तीच मूळ पट्टी आहे. काळ्यापांढऱ्या छपाईतही ती वाचता येते, त्यामुळे अहवाल लिहिणाऱ्यांचीही सोय होते.

प्रश्न : मी एका लहान नागरी सहकारी बँकेचे काम पाहतो. संगणक विभागात दोनच माणसे आहेत. विक्रेते महागडे डॅशबोर्ड घेऊन येतात. आम्ही नेमके काय पाहायला हवे?
— एक अधिकारी, इतवारी

उत्तर : आपल्यासारख्या बँकेसाठी पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील २०१८ चा हल्ला समोर ठेवणे योग्य ठरेल. ११ ऑगस्ट रोजी २८ देशांतील एटीएममधून, तसेच भारतातूनही, बनावट कार्डांनी पैसे काढले गेले आणि १३ ऑगस्टला स्विफ्ट या बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेद्वारे हाँगकाँगला रक्कम पाठवली गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ११ ऑगस्ट हा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकेच्या सुट्टीचा दिवस, याची नोंद घ्यावी. हल्लेखोरांनी एटीएमच्या मागण्यांना परस्पर मंजुरी देणारा खोटा स्विच (एटीएमच्या मागण्या बँकेकडे पोहोचवणारी यंत्रणा) उभा केल्यामुळे त्या मागण्या बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचल्याच नाहीत.

यावरून माझ्या मते आपला पहिला आलेख ठरतो. कार्ड कंपन्यांच्या जाळ्यांकडून कळलेल्या मंजुऱ्या आणि आपल्या कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मूळ प्रणालीत, खर्ची पडलेल्या नोंदी, यांतील दर पंधरा मिनिटांचा फरक एका रेषेने दाखवावा. ही रेषा शून्याजवळ राहिली पाहिजे, आणि ती शून्य सोडून वर जाऊ लागली, तर ते कळायला तज्ज्ञ लागत नाही. सुट्टीच्या दिवशीही तो फरक कोणाच्या तरी मोबाइलवर गेला पाहिजे. दुसरे चित्र प्रशासकीय खात्यांच्या प्रवेशाचे, ज्यात आडवे तास आणि उभे वार असा चौकटींचा तक्ता असावा. रविवारी पहाटेची भरलेली चौकट लगेच डोळ्यांत भरते. तिसरे चित्र लॉग न पाठवणाऱ्या यंत्रांचे. एखादा सर्व्हर अचानक गप्प झाला, तर तो शांत आहे की त्याचे तोंड बंद केले आहे, हे दोघांपैकी एकाने जाऊन पाहिलेच पाहिजे.

यासाठी लॉग तपासणारे वाझू आणि आलेख काढणारे ग्राफाना ही मुक्त साधने पुरेशी आहेत, मात्र ती बसवून सांभाळण्यासाठी माणसाचा वेळ द्यावा लागतो आणि तो खर्च आधीच हिशेबात धरावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती ६ तासांत कळवणे, लॉग १८० दिवस जपणे आणि सर्व यंत्रांची घड्याळे प्रमाण वेळेशी जुळवणे बंधनकारक आहे. घड्याळे जुळलेली नसतील, तर वरील पहिला आलेख खोटे फरक दाखवील, म्हणून सुरुवात तेथूनच करावी. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी चार पातळ्यांची सायबर सुरक्षा चौकट दिली आहे. आपली बँक कोणत्या पातळीत येते हे पाहूनच विक्रेत्याशी बोलावे.

प्रश्न : मी हिंगणा मार्गावरील अभियांत्रिकी महाविद्यालयात अंतिम वर्षाला आहे. केडीडी कप ९९ हा डेटासेट घेऊन नेटवर्कमधील हल्ल्यांचा त्रिमितीय आलेख तयार करण्याचा प्रकल्प आम्ही ठरवला आहे. मार्गदर्शन करावे.
— एक विद्यार्थी

उत्तर : आपला उत्साह मोलाचा आहे, म्हणूनच दोन्ही निवडी बदला असे स्पष्ट सांगतो. केडीडी कप ९९ हा १९९८ मध्ये कृत्रिमरीत्या तयार केलेल्या नेटवर्कवरील रहदारीवर आधारलेला आहे. तिच्यातील त्रुटी जॉन मॅकह्यू यांनी २००० मध्येच दाखवल्या होत्या, आणि आजच्या जाळ्यांशी तिचे साम्य फार थोडे आहे. त्याऐवजी अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१५ मध्ये खुला केलेला संच पाहा. त्यात प्रत्यक्ष जाळ्यातील ५८ दिवसांच्या नोंदी असून १२,४२५ वापरकर्ते आणि १७,६८४ संगणक नावे झाकून दिलेले आहेत. सरावासाठी केलेल्या हल्ल्याच्या घटनाही वेगळ्या नोंदवलेल्या आहेत, त्यामुळे आपले चित्र त्या दाखवते का, हे तपासता येते.

त्रिमितीय आलेखात पुढचा बिंदू मागच्याला झाकतो आणि दूरची रेषा आखूड भासते, म्हणजे मोजायची तीच गोष्ट बिघडते. बिंदू आणि रेषांचे जाळे सपाट काढले, तरी काहीशे संगणकांनंतर त्याचा गुंता होतो. फ्रान्समधील गोनिएम, फेकेत आणि कास्तालिओला यांनी २००४ मध्ये केलेल्या तुलनेत वीसहून अधिक बिंदूंच्या जाळ्यासाठी बहुतेक कामांत चौकटींचा तक्ता सरस ठरला. रस्त्यांच्या नकाशाच्या मागे नागपूर, वर्धा, अमरावती, चंद्रपूर अशी नावे आडवी-उभी लिहून अंतरांचा तक्ता छापलेला असतो, तशी ही मांडणी असते आणि अंतराच्या जागी येथे जोडण्यांची संख्या येते. एक संगणक अनेकांना चाचपत असेल, तर त्याची अख्खी ओळ भरून दिसते. मात्र ‘या खात्यापासून प्रशासकाच्या खात्यापर्यंत वाट आहे का’ असा प्रश्न असेल, तर बिंदू-रेषांचे जाळेच उपयोगी पडते. ब्लडहाउंड हे २०१६ मधील साधन अशाच वाटा शोधण्यासाठी केलेले आहे. म्हणजे प्रश्न ठरल्याशिवाय आकृती ठरवता येत नाही.

तो प्रश्न मिळवण्यासाठी महाविद्यालयाचे नेटवर्क सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे जा. कंपन्यांची सुरक्षा केंद्रे आपल्याला सहजासहजी आत घेणार नाहीत आणि त्यांची कारणे रास्त आहेत. पण वसतिगृहाचे वायफाय मंद झाल्यावर सर्व्हर कक्षातील व्यक्ती आधी काय उघडते, काय वाचते आणि कशावर संशय घेते, हे मार्गदर्शकांच्या परवानगीने आपण पाहू शकता. प्रकल्पातील निम्मा वेळ तरी या निरीक्षणाला आणि कागदावरच्या कच्च्या आराखड्यांना द्यावा, कारण कागदावरची आकृती पाहताना माणूस ‘हे मला नको’ असे मोकळेपणाने सांगतो आणि तयार प्रोग्राम समोर आला की संकोचतो.

मूल्यमापन करताना ‘आवडले का’ असे विचारू नका. तीच माहिती काहींना मूळ लॉगमध्ये आणि काहींना आपल्या चित्रात द्या, विचार मोठ्याने बोलून दाखवायला सांगा आणि निष्कर्ष बरोबर आला का, किती वेळ लागला आणि कोणत्या नोंदीवर बोट ठेवून तो काढला, हे लिहून घ्या. प्रत्येकाला द्यायच्या भागांपैकी किमान एक असा ठेवा की ज्यात कोणताही हल्ला झालेला नाही, आणि ‘येथे काही नाही’ असे ते कशाच्या आधारावर म्हणू शकले, तेही अहवालात द्या.